बफरची मालकी आणि वहिवाट

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका एआरएम बोर्डावर वेलँडचा (लिनक्सवर विंडो दाखवण्याचा प्रोटोकॉल) स्वतःचा छोटा कंपोझिटर, म्हणजे सगळ्या विंडोंची चित्रं जुळवून पडद्यावर नेणारा प्रोग्रॅम, लिहिला आहे. क्लायंट, म्हणजे विंडोवाले प्रोग्रॅम, आपलं चित्र असलेली मेमरी (बफर) डीएमए-बफ म्हणून, म्हणजे नक्कल न करता हार्डवेअरमध्ये वाटून घेता येईल अशी, पाठवतात आणि कंपोझिटर ती जीपीयूकडून रंगवून घेताना टेक्स्चर म्हणून वापरतो. विंडो पूर्ण पडद्याची असेल तर तिचा बफर सरळ डिस्प्लेच्या प्लेनवर (डिस्प्ले हार्डवेअर जिथून थेट चित्र उचलतं तो थर) चढवतो. तक्रारी तीन. पूर्ण पडद्यावर व्हिडिओ चालू असताना मधूनच चित्र आडवं फाटतं. तो व्हिडिओ बंद केला की कधीकधी सगळा पडदा क्षणभर काळा होतो. आणि विंडो लहानमोठ्या करत राहिलं की दिवसभरात मेमरी वाढत जाते. प्रश्नकर्ते पुढे लिहितात, "रेफरन्स काउंट तीनदा तपासला, बरोबर आहे. नवा कमिट (क्लायंटने सुपूर्द केलेली नवी फ्रेम) आला की जुन्या बफरला लगेच रिलीज पाठवतो. मग चुकतंय कुठे?"

तुमचा रेफरन्स काउंट, म्हणजे बफर किती जणांनी धरलाय तो आकडा, बरोबर असेलही. अडचण ही आहे की तो एकच आहे.

आपल्याकडे जमिनीच्या कागदात दोन नमुने असतात. सातमध्ये मालकाचं नाव, बारामध्ये पिकाची नोंद. नाव एकाचं आणि शेतात उभं पीक दुसऱ्याचं, असं सर्रास असतं. मालक बदलला म्हणून उभं पीक आपोआप नाहीसं होत नाही, आणि पीक काढलं म्हणून मालकी संपत नाही. बफरचंही अगदी असंच आहे. ती मेमरी अस्तित्वात ठेवण्याचा हक्क कुणाकडे आहे, हा एक हिशेब. त्याला मी मालकी म्हणेन. त्या मेमरीतलं चित्र आत्ता कोण वाचतंय किंवा पुढच्या क्षणी कुणाला वाचावं लागू शकतं, हा दुसरा हिशेब. त्याला वहिवाट म्हणू. तुमच्या कोडमध्ये दोन्ही एकाच आकड्यात कोंबले आहेत. मालकी जपलीत म्हणून प्रोग्रॅम कोसळत नाही. वहिवाटीची नोंदच नाही म्हणून चित्र फाटतं.

हा भेद माझ्या मनचा नाही. कंपोझिटर बनवण्यासाठीच्या डब्ल्यूएलरूट्स लायब्ररीत बफरवर दोन वेगळ्या क्रिया आहेत. बनवणारा बफर 'ड्रॉप' करतो, वापरणारे तो 'लॉक' आणि 'अनलॉक' करतात. शेवटचा लॉक सुटला की रिलीजची सूचना जाते. बफर खरोखर मोडला जातो तो ड्रॉप झालेला असेल आणि एकही लॉक उरला नसेल तेव्हाच. वेस्टन या वेलँडच्या नमुना कंपोझिटरमध्ये हेच जरा वेगळ्या रूपात दिसतं. तिथे बफरचा संदर्भ धरताना 'मी आतलं वाचू शकतो' की 'मी आतलं वाचणार नाही, मला फक्त माहितीसाठी हवा आहे' हे सांगावं लागतं, आणि दोन्हींचे आकडे वेगळे ठेवले जातात. क्लायंटला बफर परत मिळतो तो पहिला आकडा शून्य झाला की. दोन स्वतंत्र प्रकल्प, तरी दोघेही दोन काउंटांवरच येऊन थांबले.

आता फाटणाऱ्या चित्राकडे.

रिलीज ही घटना म्हणजे कंपोझिटरने क्लायंटला दिलेला शब्द आहे: मी या बफरातलं आता वाचणार नाही, तू खुशाल लिही. त्यात मेमरी मोकळी होण्याचा काही संबंध नाही. हा शब्द कधी द्यायचा हे बफर कोणत्या वाटेने पडद्यावर गेला यावर ठरतं, आणि तुमच्याकडे वाटा तीन आहेत.

पहिली वाट साध्या शेअर्ड मेमरीची. इथे कंपोझिटर पिक्सेल आपल्या टेक्स्चरमध्ये उतरवून घेतो. उतरवून झालं की क्लायंटची मूळ मेमरी लागत नाही, म्हणून रिलीज लगेच पाठवता येतो. 'कमिट आला की रिलीज' ही सवय बहुतेक जणांना इथेच लागते आणि मग ती सगळीकडे नेली जाते.

दुसरी वाट डीएमए-बफ टेक्स्चर म्हणून वापरण्याची. इथे नक्कल नाही. जीपीयू क्लायंटच्याच मेमरीतून वाचतो. जीपीयूचं हे फ्रेमचं वाचन संपलं तरी बफर सोडता येत नाही. समजा शेजारची विंडो सरकली आणि ही विंडो पुन्हा रंगवावी लागली, तर चित्र आणणार कुठून? म्हणून चालू बफर हा नवा बफर येईपर्यंत वहिवाटीत धरायचा, मग त्या घडीला जीपीयू रिकामा बसलेला असो. नवा आल्यावर जुन्यावरचं शेवटचं वाचन संपायला हवं. इथे कर्नेलची थोडी मदत असते. ड्रायव्हर अंतर्निहित समन्वय (वरच्या प्रोग्रॅमला न विचारता आपापसात सांभाळलेला) पाळत असेल तर प्रत्येक डीएमए-बफसोबत फेन्सांची, म्हणजे 'हे काम संपलं' सांगणाऱ्या खुणांची, यादी चालते. तुमच्या वाचनाचा फेन्स तिथे नोंदलेला असतो आणि क्लायंटचं पुढचं लिखाण जीपीयूच्या रांगेत त्या फेन्ससाठी थांबतं. त्यामुळे या वाटेवर रिलीज जरा लवकर गेला तरी निभावतं.

तिसरी वाट प्लेनवर थेट चढवण्याची. तुमचा रोग इथे आहे. डिस्प्ले इंजिन पडद्याच्या प्रत्येक फेरीला, म्हणजे ६० हर्ट्झवर दर १६.६७ मिलिसेकंदांनी, तो बफर वरपासून खालपर्यंत वाचतं. आणि मुख्य गोष्ट ही की डिस्प्ले इंजिनाचं हे वाचन त्या फेन्सांच्या यादीत नोंदलंच जात नाही. बफर पडद्यावर आहे तोवर क्लायंटला अडवणारा कर्नेलमध्ये कुणीही नाही. अडवणारे फक्त तुम्ही, रिलीज रोखून. तुम्ही नवा कमिट आल्याबरोबर जुना सोडता. त्या क्षणी ॲटॉमिक कमिट (डिस्प्लेला नवा बफर लावण्याची कंपोझिटरची विनंती) फार तर कर्नेलकडे सोपवलेला असतो. पडद्यावर अजून जुनाच बफर वाचला जातोय. क्लायंट त्यात पुढची फ्रेम लिहायला घेतो, वरचा अर्धा भाग जुना आणि खालचा नवा दिसतो, आणि लोक व्ही-सिंकला (पडद्याच्या फेरीशी फ्रेम जुळवण्याची सोय) दोष देत बसतात.

उपाय सरळ आहे. प्लेनवरच्या जुन्या बफरचा लॉक पेज फ्लिप (पडद्यावर जुन्याच्या जागी नवा बफर लागणं) झाल्याची घटना हातात येईपर्यंत सोडायचा नाही. घटना क्रमांक अकराची असेल तर अकरावा बफर पडद्यावर आला असा तिचा अर्थ, म्हणजे मोकळा झाला तो दहावा. हा एकचा फरक चुकवलेले कंपोझिटर मी पाहिले आहेत. लेखकाला वाटतं घटना आली, म्हणजे या घटनेतला बफर संपला. प्रत्यक्षात तो तेव्हा नुकता सुरू झालेला असतो.

विंडो दोन पडद्यांवर पसरली असेल आणि एक ६० हर्ट्झचा, दुसरा १४४ चा असेल, तर दोन्हीकडच्या फ्लिपनंतरच रिलीज. स्क्रीन रेकॉर्डिंग चालू असेल तर तेही एक वहिवाटदार. प्रत्येकाने आपापला लॉक घ्यायचा, आपापला सोडायचा, आणि रिलीज कधी जाईल याची चिंता कुणीही करायची नाही. काउंट शून्य झाला की तो जाईल.

याचा एक परिणाम आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्हीच परत येऊन विचाराल. रिलीज उशिरा जाऊ लागला की दोनच बफर वापरणारे क्लायंट अडखळतील. एक पडद्यावर, एक फ्लिपच्या रांगेत, रंगवायला हातात काहीच नाही. थेट चढवायचं असेल तर क्लायंटकडे तीन बफर हवेत. लोक इथे घाबरून पुन्हा लवकर रिलीज पाठवायला लागतात. तसं करू नका. आणखी एक: फ्रेम कॉलबॅक आला म्हणजे जुना बफर मोकळा झाला, असं समजणारे क्लायंटही असतात. फ्रेम कॉलबॅक म्हणतो 'पुढची फ्रेम काढायला ही वेळ चांगली आहे', बस. तुमचा व्हिडिओ प्लेअर स्वतःच लिहिलेला असेल तर तोही तपासा.

काळ्या पडद्याचं कारण मात्र वेगळं आहे. त्यासाठी एका बफरच्या किती पावत्या तुमच्याजवळ असतात ते मोजावं लागेल.

क्लायंटकडून बफर येतो तेव्हा वेलँडचा बफर ऑब्जेक्ट मिळतो. ही पहिली पावती, तिचा मालक क्लायंट. सोबत फाइल डिस्क्रिप्टर (उघडलेल्या गोष्टीसाठी कर्नेलने दिलेला आकडा) येतो, ही दुसरी. तो डीआरएममध्ये, म्हणजे कर्नेलच्या ग्राफिक्स विभागात, आयात केला की जेम हँडल (त्या मेमरीचा तिथला क्रमांक) मिळतं, तिसरी. त्या हँडलवरून केएमएसचा (डीआरएममधला पडदा चालवणारा भाग) फ्रेमबफर आयडी बनतो, चौथी. आणि रेंडररने, म्हणजे जीपीयूकडून रंगवून घेणाऱ्या भागाने, बनवलेली ईजीएल इमेज (त्याच मेमरीचा जीपीयूसाठीचा दाखला) व तिच्यावरचं टेक्स्चर, पाचवी. पाचही पावत्या एकाच मेमरीच्या, पण प्रत्येकीचं आयुष्य निराळं. पहिली सोडून बाकीच्या चारांपैकी कुठलीही एक उरली तरी मेमरी जिवंत राहते.

फ्रेमबफर आयडी बनला की तो स्वतः आतल्या जेम ऑब्जेक्टला धरून ठेवतो. म्हणून हँडल तिथल्या तिथे बंद करता येतं, आणि करावंच. पण फ्रेमबफर आयडी काढून टाकण्याच्या नेहमीच्या हाकेला (कर्नेलला केलेल्या कॉलला) एक काटा आहे. तो आयडी अजून एखाद्या प्लेनवर असेल तर कर्नेल ते प्लेन बंद करतो आणि बऱ्याच हार्डवेअरवर त्यापायी सगळा पडदाच विझतो. तुमच्या बाबतीत व्हिडिओ बंद होतो, क्लायंट बफर ऑब्जेक्ट मोडतो, तुमचा 'मोडला' हँडलर लगेच पाचही पावत्या फाडतो, आणि त्यातली चौथी पडद्यावर चालू असते. पडदा काळा. पुढचा कमिट येतो तेव्हा डेस्कटॉप पुन्हा दिसतो. 'कधीकधी' होतं कारण क्लायंट बफर मोडण्याच्या आधी तुमची पुढची फ्रेम गेली तर वाचता, नंतर गेली तर सापडता.

वेलँडच्या नियमानुसार रिलीज येण्याआधी बफर ऑब्जेक्ट मोडणं क्लायंटला मुभा आहे, मात्र मागची मेमरी त्याने पुन्हा वापरायची नाही. म्हणजे क्लायंटने इथे काही चूक केलेली नाही. ऑब्जेक्ट मोडला याचा अर्थ एवढाच की पहिली पावती गेली. त्या हँडलरमध्ये दोनच गोष्टी करायच्या: ऑब्जेक्टचा पॉइंटर रिकामा करायचा, म्हणजे पुढे मेलेल्या ऑब्जेक्टला रिलीज पाठवला जाणार नाही, आणि बफर ड्रॉप झाला अशी खूण करायची. बाकीच्या पावत्या शेवटचा लॉक सुटल्यावर फाडायच्या. क्लायंट किल केला, कोसळला, काहीही झालं तरी हाच मार्ग. त्याचे डिस्क्रिप्टर कर्नेल बंद करील, पण तुमच्याकडे तुमचे आहेत, त्यामुळे चित्र जागेवर राहतं. विंडो मिटताना विरून जाण्याचं ॲनिमेशन यामुळेच जमतं.

(अलीकडच्या कर्नेलांत फ्रेमबफर बंद करण्याची दुसरी हाक आली आहे, जी प्लेनला हात लावत नाही. मिळत असेल तर वापरा. पण आयुष्याचा हिशेब नीट नसेल तर तिने फक्त काळ्या चमकेऐवजी दुसरं काहीतरी दिसेल.)

जेम हँडलबद्दल आणखी एक खोड. एकाच उघडलेल्या डीआरएम फाइलमध्ये तोच डीएमए-बफ दोनदा आयात केला तर दोन्ही वेळा हँडलचा आकडा तोच मिळतो, आणि कर्नेल किती वेळा आयात केलं हे मोजत नाही. एकदा बंद केलं की सगळ्यांसाठी बंद. तुमच्या कंपोझिटरने आणि खालच्या मेसाने (जीपीयूचे ड्रायव्हर पुरवणारी लायब्ररी) एकच डीआरएम फाइल वापरली तर तुम्ही बंद केलेलं हँडल मेसाच्या हातातलं असू शकतं. मग रेंडररमध्ये कुठेतरी भलत्याच वेळी चूक उगवते आणि कारण तीन फाइली दूर असतं. केएमएससाठी आणि रेंडरिंगसाठी डीआरएम वेगवेगळं उघडा, किंवा सगळी आयात एकाच जागेतून करून तिथे स्वतः मोजणी ठेवा. मी पहिला पर्याय घेतो, डोकं कमी खर्च होतं.

फाइल डिस्क्रिप्टरची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. खूप वर्षांपूर्वी एका गाडीच्या पडद्याचं काम होतं. रेंडरर ईजीएलवरून वल्कन या दुसऱ्या ग्राफिक्स इंटरफेसवर नेला. सगळं छान. फक्त काही तासांनी स्पर्श लागायचा बंद व्हायचा. चित्र चालू, व्हिडिओ चालू, पण पडद्यावर बोट टेकवून उपयोग नाही. टच पॅनेलवाल्यांशी आठवडाभर भांडलो. कारण हे निघालं: ईजीएलमध्ये डीएमए-बफ आयात केला तरी डिस्क्रिप्टर तुमचाच राहतो, तो तुम्ही बंद करायचा. वल्कनमध्ये आयात यशस्वी झाली की डिस्क्रिप्टर ड्रायव्हरचा होतो, त्याला पुन्हा हात लावायचा नाही. आमच्या कोडमध्ये जुनी 'बंद करा' ओळ तशीच राहिली होती. ड्रायव्हर आयातीनंतर तो आकडा लगेच बंद करायचा, आमची ओळ पुन्हा बंद करायला जायची, कर्नेल 'असा डिस्क्रिप्टर नाही' म्हणायचा, आणि तो परतावा आम्ही कुणी पाहत नव्हतो. एरवी बिनबोभाट. पण त्या दोन बंद करण्यांच्या मधल्या अतिसूक्ष्म फटीत दुसऱ्या थ्रेडने काही उघडलं, की तोच आकडा त्याला मिळायचा आणि आमची ओळ ते बंद करायची. आमच्या बाबतीत ते टचचं इनपुट डिव्हाइस होतं, झोपेतून उठल्यावर पुन्हा उघडलं जाणारं.

तेव्हापासून डिस्क्रिप्टर देणारं प्रत्येक फंक्शन लिहिताना वर एक ओळ असते: यानंतर हा कुणाचा. वेलँडच्या हँडलरमध्ये आलेला डिस्क्रिप्टर हँडलरचा असतो, म्हणजे फॉरमॅट नाकारून चूक परत करायच्या वाटेवरही तो तुम्हीच बंद करायचा. गळती तिथे फार होते, कारण चुकीच्या वाटा कुणी चालवून पाहत नाही. एका प्रक्रियेला सहसा १०२४ डिस्क्रिप्टरांची मर्यादा असते, आणि एकेका बफरला अनेक प्लेन (इथे डिस्प्लेचे नव्हे, चित्राच्या माहितीचे वेगवेगळे भाग) असले तर प्रत्येकाचा वेगळा डिस्क्रिप्टर येऊ शकतो. संपायला वेळ लागत नाही.

आता मेमरी. विंडोचा आकार बदलला की क्लायंट नवे बफर बनवतो. १९२० बाय १०८० चा, पिक्सेलला चार बाइट धरले तर एक बफर ८२,९४,४०० बाइटांचा. कोपरा धरून विंडो ताणली तर शंभर वेगळे आकार सहज होतात, आणि दर आकाराचा एक बफर जरी अडकला तरी सुमारे ८३० एमबी गेले. तुमच्याकडे काय अडकतंय याबद्दल मला दोन संशय आहेत.

पहिला संशय आयातीच्या कॅशवर. तुम्ही लिहिलंय की ईजीएल इमेज दर फ्रेमला बनवायला नको म्हणून डिस्क्रिप्टरच्या आकड्यावरून त्या साठवता. हे दोन बाजूंनी चुकतं. क्लायंटने बफर मोडला तरी इमेज साठ्यात राहते आणि तिच्या जोरावर सगळी मेमरी जिवंत राहते, जरी डिस्क्रिप्टर बंद झाला असला तरी. उलट बाजूने, बंद झालेला आकडा नव्या बफरला मिळाला की साठ्यातून जुन्या बफरची इमेज निघते. विंडोत क्षणभर भलतंच जुनं चित्र दिसल्याचं आठवत असेल तर ते हेच. कॅश वेलँडच्या बफरला बांधा, आकड्याला नको, आणि शेवटचा लॉक सुटून बफर ड्रॉप झालेला असेल तेव्हा इमेज आणि फ्रेमबफर आयडी दोन्ही मोडा. दोन डिस्क्रिप्टर एकाच मेमरीचे आहेत का हे बघायची वेळ आलीच तर आयनोड नंबर (कर्नेलने त्या फाइलला दिलेला स्वतःचा क्रमांक) पाहावा.

दुसरा संशय न दिसलेल्या बफरांवर. क्लायंटने एका फ्रेमच्या आत दोनदा कमिट केला तर पहिला बफर पडद्यावर न येताच मागे पडतो. सिंक्रोनाइझ्ड सबसर्फेसमध्ये (पालक विंडोला जोडलेला, तिच्याबरोबरच बदलणारा तुकडा) हे जास्त घडतं, कारण मुलाचा कमिट पालकाच्या कमिटपर्यंत बाजूला साठवलेला असतो आणि तेवढ्यात दुसरा येऊन त्यावर बसतो. बसलेल्याने खालच्याचा लॉक सोडला नाही तर तो बफर कायमचा हरवला. दोन बफरांचा क्लायंट असेल तर तो गोठतो, आणि सतत नवे बनवणारा असेल तर मेमरी वाढत जाते. साठवलेल्या स्थितीत बफर असेल तर तोही लॉक धरूनच ठेवायचा आणि वरून नवी स्थिती आली की सोडायचा. 'दाखवला म्हणून सोडला' असा कोड असेल तर न दाखवलेले कुणीच सोडत नाही.

एकच बफर दोन सर्फेसांना (विंडोचं चित्र बसतं त्या जागांना) जोडला तर रिलीज कधी येईल हे वेलँडच्या मूळ नियमांत अनिश्चितच ठेवलेलं आहे. क्लायंट तुमचाच असेल तर तसं करू नका.

फेन्सांवर थोडं, कारण तुमचा पुढचा प्रश्न तोच असणार. डीएमए-बफ लिनक्स ३.३ मध्ये, २०१२ साली आलं. ती चौकट सुमित सेमवाल यांच्या कामातून उभी राहिली. पुढे फेन्स बफरला बांधून ड्रायव्हरांनी आपापसात समजून घेण्याची पद्धत रूढ झाली. वरच्या प्रोग्रॅमला काही करावं लागत नाही, हा तिचा गुण. काही कळतही नाही, हा दोष. लिनक्स ६.० मध्ये बफरातला फेन्स बाहेर काढण्याची आणि बाहेरचा आत घालण्याची सोय झाली. मग मार्च २०२४ मध्ये वेलँड-प्रोटोकॉल्सच्या १.३४ आवृत्तीत स्पष्ट समन्वयाचा प्रोटोकॉल आला, ज्यात क्लायंट प्रत्येक कमिटसोबत टाइमलाइनवरचे दोन बिंदू देतो: या बिंदूनंतर वाच, आणि वाचून झालं की त्या बिंदूवर खूण कर.

तुमच्या हिशेबात यामुळे दोन बदल होतात. वाचून झाल्याची खूण आता कमिटनिहाय आहे. म्हणजे वहिवाटीची नोंद बफरवर ठेवून भागत नाही. बफर आणि कमिट यांच्या जोडीवर ठेवावी लागते. वर सांगितलेल्या न दिसलेल्या बफरांचे बिंदूही खुणावायचे, नाहीतर क्लायंट तिथेच थांबून राहील. दुसरा बदल जास्त बोचरा. 'या बिंदूनंतर वाच' मधला बिंदू अजून कुणी रांगेतही लावलेला नसू शकतो. कंपोझिटरच्या मुख्य लूपमध्ये त्याच्यावर अडून बसलात तर एका बिघडलेल्या क्लायंटपायी सगळा डेस्कटॉप थांबेल. बिंदू तयार झाल्याची सूचना इव्हेंट एफडीवर (सूचना आली की लूपला जागं करणारा डिस्क्रिप्टर) मागवा आणि तो कमिट बाजूला ठेवा. तोवर पडद्यावर जुनाच बफर राहतो, म्हणून त्याची वहिवाट लांबते. तयार नसलेल्या कमिटने आधीच्या बफरचा लॉक सोडता कामा नये, हे इथे बहुतेक जण पहिल्या फटक्यात चुकतात. मीही चुकलो होतो.

प्लेनवर चढवताना हा फेन्स प्लेनला देता येतो आणि कमिट संपल्याचा फेन्स सीआरटीसीकडून (प्लेन जुळवून पडद्याकडे पाठवणारा डिस्प्लेचा भाग) मागता येतो. तुमच्या बोर्डाचा डिस्प्ले आणि जीपीयू वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील, एआरएमवर तसं पुष्कळदा असतं, तर हे करून घेतल्याने बराच त्रास वाचेल.

शेअर्ड मेमरीवाल्या क्लायंटांबद्दल एकच इशारा. तुम्ही पिक्सेल उतरवत असताना क्लायंटने मागची फाइल लहान केली तर तुम्हाला सिगबस (मेमरी जागेवर नसल्याचा) सिग्नल येईल आणि कंपोझिटर मरेल. वाचन सुरू करण्याची आणि संपवण्याची लिबवेलँडची जोडी वापरा, ती हा सिग्नल झेलते. पूल (बफर ज्यातून कापून घेतले जातात ती शेअर्ड मेमरी) मोडला गेला तरी वाचायचं असेल तर पूलचाही संदर्भ धरावा लागतो.

तपासायचं कसं? ॲड्रेस सॅनिटायझर इथे फारसा कामाचा नाही. त्याला सीपीयूच्या मेमरीतल्या चुका दिसतात, डिस्प्ले इंजिन काय वाचतंय ते त्याच्या नजरेबाहेर आहे. माझी जुनी युक्ती अशी: एक चाचणीचा क्लायंट लिहायचा, जो रिलीज हातात पडताक्षणी तो बफर भडक गुलाबी रंगाने भरून टाकतो, आणि मगच पुढचं चित्र काढतो. पडद्यावर कधीही गुलाबी पट्टा दिसला तर रिलीज लवकर गेला. यात वादाला जागा नाही, मॅनेजरलासुद्धा दाखवता येतं. त्याच क्लायंटला आणखी वाईट सवयी लावा: कमिट केल्याबरोबर बफर ऑब्जेक्ट मोडणं, एका फ्रेममध्ये पाच कमिट, कमिटनंतर लगेच स्वतःला मारून घेणं. माझ्या हातून गेलेल्या प्रत्येक कंपोझिटरने या क्लायंटपुढे एकदा तरी मान टाकली आहे.

गळतीसाठी कर्नेलच्या डीबगएफएसमध्ये (आतली माहिती दाखवणारी फाइल सिस्टीम) डीएमए-बफच्या फोल्डरात बफइन्फो नावाची फाइल असते. प्रत्येक बफरचा आकार, त्याचा संदर्भ काउंट, कोणत्या ड्रायव्हरने बनवला आणि कोणती डिव्हाइस त्याला जोडलेली आहेत, हे तिथे दिसतं. बफरला नाव देण्याचीही सोय आहे. क्लायंटमध्ये नावं घाला, नाहीतर शंभर सारख्या ओळींतून आपली ओळ शोधत बसाल. कंपोझिटरचे उघडे डिस्क्रिप्टर प्रॉक फाइल सिस्टीममध्ये मोजता येतात. डिस्क्रिप्टर स्थिर आहेत पण बफर वाढताहेत, असं दिसलं तर ईजीएल इमेज किंवा फ्रेमबफर आयडी अडकलाय. दोन्ही वाढत असतील तर चुकीच्या वाटेवरचा न बंद केलेला डिस्क्रिप्टर शोधा. आणि बफर वाढत नाहीत, तरी क्लायंट गोठतोय, तर कुठेतरी लॉक सुटायचा राहिलाय. अशा वेळी मी लॉक घेणाऱ्याचं नाव एका छोट्या स्ट्रिंगमध्ये लॉकसोबत ठेवतो: 'रेंडर', 'प्लेन', 'रेकॉर्डिंग', 'साठवलेली स्थिती'. डीबग बिल्डपुरतंच. नुसता 'काउंट २' पाहून काही कळत नाही. 'प्लेन आणि साठवलेली स्थिती' वाचलं की निम्मं काम झालं.

तुम्ही आधी रिलीज फ्लिपच्या घटनेपर्यंत मागे ढकला आणि गुलाबी क्लायंट चालवा; फाटणं तिथेच थांबायला हवं. मग बफर मोडल्याच्या हँडलरमधून फ्रेमबफर आयडी काढण्याची ओळ हलवून शेवटच्या अनलॉकमध्ये न्या. मेमरीला सगळ्यात शेवटी हात घाला, कारण पहिल्या दोन दुरुस्त्यांनी आकडे बदलणार आहेत. त्यानंतरही वाढत राहिली तर विंडो शंभर वेळा ताणण्याआधीचं आणि नंतरचं बफइन्फो इथे टाका, दोन्ही शेजारी ठेवून पाहू.